रेखाच्या टाळ्या

रेखा गेली त्या सकाळी मी पावण्याला, एमआयडीसीतल्या शिंदेंच्या वर्कशॉपमध्ये उभी राहून मनातल्या मनात तिला शिव्या घालत होते. नऊला येते म्हणाली होती, साडेदहा वाजत आले तरी बाईसाहेबांचा पत्ता नाही, फोन उचलत नाही. शिंदेंनी दोनदा चहा पाजला होता. "येतील ओ म्याडम, ट्राफिक आसंल," असं ते मला समजावत होते आणि मी आणखीच चिडत होते, कारण मी उशिरा आले असते तर हेच शिंदे घड्याळाकडे बघत बसले असते. रेखाचा उशीर मात्र सगळ्यांना गोड लागायचा. मग फोन वाजला तो मिलिंदचा, तिच्या नवऱ्याचा. "मंगलताई, रेखा गेली... चहा टाकला होता तिने. मी अंघोळीला गेलो, बाहेर येऊन बघतो तर..." मी शिंदेंकडे बघितलं. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, त्यांनी काहीही न विचारता आतल्या माणसांना हात केला आणि वेल्डिंग थांबलं.

घणसोलीला तिच्या घरी पोचले तेव्हा सोसायटीतल्या बायका जमल्या होत्या. "बिछाना नाही, दवाखाना नाही, कुणाला त्रास नाही, असं मरण यायला नशीब लागतं," असं त्यांचं चाललं होतं. आणि खरं सांगते, डोळ्यांतून पाणी वाहत असतानाही माझ्या मनात आलं, घ्या, इथेसुद्धा हीच पुढे! आता कुणी म्हणेल, गेलेल्या माणसाबद्दल असं लिहितात का? लिहितात की. पेपरच्या पुरवणीत जे छापून येतं त्यात गेलेला प्रत्येक जण देवमाणूस असतो आणि लिहिणारा त्याच्या पायाशी बसलेला असतो. मी रेखाच्या पायाशी कधी बसले नाही. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्गात मुली इनमीन पाच-सहा, त्यात आम्ही एका बाकावर आलो, आणि तेव्हापासून मी तिच्या शेजारी बसून तिच्यावर जळत आले. तिला ते पक्कं ठाऊक होतं. "मंगे, आज भाजीत तिखट जास्त पडलंय की तुझ्या डोळ्यांत?" असं विचारायची. मला एकच गोष्ट हवी होती हो... एखादं काम असं व्हावं की ते बघून लोकांनी म्हणावं, हे मंगलचं. बस. एवढंसं मागणं. पण रेखा बाजूला असताना ते जमणं म्हणजे दसऱ्याच्या दिवशी झेंडूशेजारी अबोली विकायला बसण्यासारखं होतं.

मार्कांवरून मी जळत नव्हते. मार्क तिला एका वर्षी जास्त, मला एका वर्षी जास्त, ते फिटत गेलं. मी पहिल्यांदा जळले ते तिच्या वडिलांवरून. ते पोस्टात कारकून होते, मूळचे चिपळूणकडचे, तेव्हा तळवलीत दोन खोल्यांत राहायचे. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेले तेव्हा त्यांनी हातपाय धुतले, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीला हात जोडले, पाटावर बसले आणि रेखाला म्हणाले, "हां, सांग. आज काय शिकवलं?" आणि ती सांगायला लागली. ट्रान्सफॉर्मर, त्याची गुंडाळी, वीज एका गुंडाळीतून दुसरीत न शिवता कशी जाते... आणि तो माणूस ताटातला घास हातात धरून ऐकत होता. कळत किती होतं देव जाणे, पण मध्येच म्हणाला, "न शिवता जाते? वा! मग विजेला कळतं ते माणसाला कधी कळायचं?" सगळे हसले. मी घरी आले, बोनकोड्याला आमच्या खोलीवर, आणि जेवताना मुद्दाम म्हणाले, आज आम्हाला ट्रान्सफॉर्मर शिकवला. माझे वडील साताऱ्याकडचे, स्वभावाने वाईट नव्हते. "बरं," म्हणाले आणि चपाती मागितली. त्या रात्री मी उशीत तोंड खुपसून रडले होते. वडील आपले चांगले असताना दुसऱ्याच्या वडिलांसाठी रडणारी मी एकटीच असेन.

पुढे दोघी एकाच कॉलेजात शिकवायला लागलो, इथेच, नवी मुंबईत. मी पॉवर सिस्टिमची, म्हणजे वीज तयार होते तिथपासून घरातल्या दिव्यापर्यंत कशी येते, कुठे अडते, कुठे तुटते, हा माझा प्रांत. रेखाही शिकली तेच, पण तिचं मन गेलं संदेशांकडे. ती म्हणायची, "तार गल्लीगल्लीत गेलीच आहे ना? मग तिलाच बोलायला शिकवू. निरोप न्यायला वेगळी तार कशाला?" तिला हे वेड लागलं त्याला कारण होतं. तळवलीत त्यांच्या गल्लीत एकदा विजेची तार तुटून डबक्यात पडली. सबस्टेशनला त्याची खबर नाही. कुणी फोन लावतंय, तो लागत नाही, आणि तिचे वडील हात आडवे करून गल्लीच्या तोंडाशी उभे, कुणाला पुढे जाऊ देईनात. सप्लाय बंद होईपर्यंत ते तसेच उभे होते. रेखा म्हणायची, तार तुटली हे तारेनेच सांगायला हवं, माझ्या बापाने का उभं राहायचं? कल्पना साधी वाटते, पण करायला गेलं की घाम फुटतो. कारण तारेत नुसती वीज नसते, त्यात सगळ्या गावाचा कचरा असतो. मिक्सर, मोबाइलचे चार्जर, पंपाच्या मोटारी, प्रत्येक जण आपापली खरखर त्या तारेत सोडतो, आणि त्या गोंगाटात आपला बारीकसा निरोप कुठल्या कुठे विरून जातो. पावण्यासारख्या ठिकाणी तर विचारूच नका. एका गल्लीत दहा वर्कशॉप, प्रत्येकात वेल्डिंग.

या कामाचे पैसे कॉलेजने मंजूर केले ते दोघींच्या नावावर. मी यंत्र लावून स्क्रीनवर गोंगाटाचे आलेख बघायची. सगळेच बघतात. रेखा ऐकायची! तेव्हा कॉलेजला सुट्टी होती, आम्ही रोज पावण्याला जायचो. वीज अंगावर येणार नाही अशी पेटी मध्ये घालून तिने तारेला चक्क एक छोटा स्पीकर जोडला होता आणि डोळे मिटून ती ऐकत बसायची. "हा कॉम्प्रेसर... हे वेल्डिंग... हा कोपऱ्यावरच्या चहावाल्याचा फ्रिज." शिंदे पळत जाऊन बघून यायचे आणि बरोबर निघायचं. मग काय, सगळी गल्ली गोळा! लेथवरची माणसं काम सोडून यायची, म्याडम आता सांगा, म्याडम आता कुठलं मशीन. माझ्या आलेखांकडे कोण बघतंय? मीही घरी एक स्पीकर जोडून बसले आठवडाभर. मला फक्त तव्यावर वाळू भाजल्यासारखा आवाज आला. नवरा म्हणाला, "काय ऐकतेस?" मी म्हटलं, "माझं नशीब."

आणि मग तो शुक्रवार आला. रेखाने तोवर असं यंत्र केलं होतं की तारेतला गोंगाट जरा शांत होतो तो क्षण पकडून ते बोलायचं. वीज सारखी चढत उतरत असते, दर वेळी मध्ये शून्यावर येते, आणि त्या घडीला वेल्डिंगची ठिणगीही दबते. त्या फटीत निरोप सारायचा. ही युक्ती तिला ऐकूनच सुचली होती, हे मला मान्य करावंच लागतं, दात-ओठ खाऊन का होईना. शिंदेंच्या गल्लीत तिने दर आठवड्याला चाचणी घेतली आणि निरोप खणखणीत पोचायला लागले. एक चुकेना. कॉलेजात पेढे वाटून झाले. मोठ्या परिसंवादाला तिचं भाषण ठरलं. मी चाचणीला तोवर गेले नव्हते, त्या दिवशी माझे तास असायचे. एकदा तास रद्द झाला म्हणून गेले. रिक्षातून गल्लीच्या तोंडाशी उतरले आणि बघते तर एरवी जिथे ट्रक आडवे लागलेले असतात तिथे पोरं क्रिकेट खेळतायत! स्टम्प म्हणून गॅसची रिकामी सिलिंडरं. मी जागच्या जागी थांबले. अहो, इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे की आपल्या एमआयडीसीची सुट्टी रविवारी नसते, शुक्रवारी असते. शुक्रवारी कारखाने बंद, मशिनं बंद. शिंदे बाईसाहेबांच्या प्रेमापोटी एक वेल्डिंग मशीन चालू ठेवत होते तेवढंच. आणि आमच्या विदुषीला तास नसायचे ते शुक्रवारीच! तिला वाटत होतं तिच्या यंत्राने गोंगाटावर मात केली. गोंगाट घरी झोपला होता हो, आठवड्याची सुट्टी घेऊन!

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! ती पाच पावलं मी जवळजवळ नाचत गेले. रेखा स्पीकरला कान लावून बसली होती. मी म्हटलं, "रेखे, आज वार कोणता?" ती म्हणाली, "शुक्रवार." मी म्हटलं, "मग?" बाहेरून पोरांचा आवाज आला, आउट, आउट! तिने बाहेर बघितलं, शिंदेंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं... आणि हसायला लागली. हसता हसता लोखंडाच्या अँगलच्या ढिगावर बसली. शिंदेंनी कपाळावर हात मारला. "आयला, म्याडम, मला वाटलं तुमाला मुद्दाम शांत दिवस पायजे!" हे ऐकून ती आणखी हसली. मी वाट बघत होते की आता चेहरा पडेल, आता पडेल. पडलाच नाही.

पुढचं ऐका. परिसंवादाला मी मुद्दाम पहिल्या रांगेत जाऊन बसले. म्हटलं, आता बघू कशी सावरते. ती उभी राहिली आणि पहिलंच वाक्य काय, तर "मी आज इथे एक यश सांगायला येणार होते, पण ते यश शुक्रवारचं निघालं." आणि सगळी गोष्ट तिखट-मीठ लावून सांगितली. क्रिकेट, सिलिंडरं, शिंदे, सगळं. शेवटी माझ्याकडे हात करून म्हणाली, "माझ्या मैत्रिणीने गल्लीतलं क्रिकेट बघितलं म्हणून मी आज तुमच्यासमोर खोटं बोलण्यापासून वाचले. हे सगळं मंगलचं." सभागृह उठून टाळ्या वाजवायला लागलं. कुणासाठी? तिच्यासाठी! केवढा हा प्रामाणिकपणा, केवढं मोठं मन! म्हणजे बघा, चूक तिची, पकडली मी, आणि टाळ्या पुन्हा तिलाच. मी पकडण्यापेक्षा तिचं चुकणंच जास्त गाजलं. परत येताना वाशीच्या पुलावर मी टॅक्सीत फुगून बसले होते. शेवटी न राहवून म्हणाले, "तू मुद्दाम करतेस. माझं नाव घेतेस आणि टाळ्या स्वतः खातेस." ती म्हणाली, "मग तू माझं घे ना. टाळ्या तुला मिळतील. काही खर्च नाही त्याला." मी म्हटलं, "तुझं नाव घ्यायला सगळं जग बसलंय, मी कशाला घेऊ?" ती खाडीकडे बघत राहिली.

त्यानंतर तिने सगळं पुन्हा पहिल्यापासून मांडलं, या वेळी कामाच्या दिवशी. रजा टाकून यायची. यंत्र शिंदेंच्या दुकानापुरतं चालायला लागलं, पण गल्लीच्या दुसऱ्या टोकाच्या डीपीपर्यंत, म्हणजे तिथल्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत, निरोप पोचेना. अर्धे पोचत, अर्धे गळत. मी म्हणत होते, हे तुझ्या कानाचं काम नाही, हे फेजचं दुखणं आहे. कारखान्यात वीज तीन तारांनी येते, त्यांना आम्ही फेज म्हणतो. तिघींची चढउतार एका वेळी होत नाही, एक शून्यावर आली की दुसऱ्या दोघी भरात असतात. तुझं यंत्र आपल्या एका फेजची शांत घडी बघून बोलतं, पण वेल्डिंगवाले मशीन दोन फेजांवर लावतात, त्यांची शांत घडी वेगळी. ती म्हणाली, "मग तू करून दाखव." मी म्हटलं, "दाखवते." त्याच्यासाठीच त्या सकाळी आम्ही भेटणार होतो. मी हिशेब मांडून नेला होता. आयुष्यात पहिल्यांदा तिला तोंडात बोट घालायला लावणार होते मी... आणि ही चहा टाकून निघून गेली.

तळवलीच्या विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. त्रिशरण-पंचशील झालं आणि मग एकेक जण बोलायला उठला. तिथे मला दुसरा धक्का बसला. प्रयोगशाळेतले मदतनीस काका म्हणाले, म्याडम सगळ्यांना सांगायच्या, हे सगळं काकांमुळे. शिंदे उठले, पांढरा शर्ट घालून आले होते. "म्याडम आमच्या दुकानात पावन्यांना आनायच्या आन् सांगायच्या, ह्यो शोध शिंद्यांचा हाय. आवो, मी आटवी नापास मानूस..." आणि रडायला लागले. एक माजी विद्यार्थिनी, तिचंही तेच. मी खुर्चीत बसून जळत होते. खरंच जळत होते, शोकसभेत! मला वाटत होतं ती माझंच नाव घेते. चिडायला का होईना, ते माझं होतं. ही बया तर प्रसाद वाटावा तशी सगळ्यांना श्रेय वाटत फिरत होती! शिंदेसुद्धा! मी शिंदेंच्या पांढऱ्या शर्टाकडे बघत होते आणि मला तो शर्ट फाडावासा वाटत होता.

कार्यक्रम संपल्यावर मिलिंदने मला थांबवलं. "ताई, कॉलेजचे लोक म्हणतात, कामाच्या दिवशी गल्लीभर निरोप पोचलेला दाखवला नाही तर काम इथेच बंद करतील. तुमच्याशिवाय कोण करणार?" मनात हिशेब चालू होता, तुमच्यापाशी कशाला लपवू? जमलं तर म्हणतील, रेखा मॅडमचं स्वप्न पूर्ण झालं. नाही जमलं तर म्हणतील, मंगल मॅडमनी घालवलं. आणि माझं माझं म्हणायला गेले तर आयत्या बिळावर नागोबा. मी मिलिंदला विचारलं, आता विचारायला नको होतं, पण विचारलं, "रेखा कधी माझ्यावर जळायची का रे? घरी कधी बोलली?" त्याने बराच विचार केला. बिचारा, त्याला कळत होतं मला काय ऐकायचंय. "नाही हो ताई," तो म्हणाला. "तिला ते जमायचंच नाही." म्हणजे तेवढंही नाही. मी आयुष्यभर जिच्याशी शर्यत लावली ती शर्यतीत नव्हतीच.

तरीही केलं. गुरुवारी केलं, सगळी गल्ली भरात असताना. यंत्राला दोन फेजांमधली शांत घडी बघून बोलायला लावलं, माझ्या हिशेबाप्रमाणे. शिंदे म्हणाले, "म्याडम, कुनाचं मशीन बंद करू का?" मी ओरडले, "एकही बंद करायचं नाही! असतील तेवढी चालू करा!" शेजारपाजारच्या दुकानांनीही केली. ठिणग्या, धूर, कान फुटतील असा आवाज. दुसऱ्या टोकाला डीपीपाशी मदतनीस काका स्क्रीन घेऊन बसले होते, त्यांनी निरोप पोचल्याचा हात वर केला. पुन्हा पाठवला, पुन्हा हात वर. एकही गळला नाही. शिंदे माझ्याजवळ येऊन म्हणाले, "रेखा म्याडम आज आसत्या तर किती खूश झाल्या आसत्या." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "शिंदे, हे मी केलंय!" ते घाबरून म्हणाले, "व्हय व्हय म्याडम, तुमीच."

मग कॉलेजच्या समितीसमोर सादर करायचा दिवस आला. मी नीट सगळं मांडलं. संपल्यावर अध्यक्ष म्हणाले, "रेखा मॅडमचं काम तुम्ही तडीला नेलंत, फार मोठी गोष्ट आहे." सगळ्यांनी माना हलवल्या. मी म्हटलं, "शेवटचा भाग माझा आहे. दोन फेजांची ती कल्पना माझी." इतकी वर्षं घशात अडकलेलं वाक्य बाहेर पडलं. "हो हो, अर्थातच," ते म्हणाले आणि पुढच्या विषयाकडे वळले. कुणी नाकारलं नाही. कुणी वाद घातला नाही. पण माझं वाक्य मलाच कसं ऐकू आलं सांगू? वर्गात हात वर करून "बाई, मी पण, मी पण" म्हणणाऱ्या पोरीसारखं. तेच रेखा असती तर अर्धवट उठली असती, माझ्या खांद्यावर हात दाबून म्हणाली असती, "हे मंगलचं बरं का! मला सात जन्मात सुचलं नसतं." आणि त्याच माणसांनी पेन खाली ठेवून माझ्याकडे बघितलं असतं. टाळ्या वाजल्या असत्या. तिलाच, मान्य आहे. पण त्या टाळ्यांत माझं नाव असायचं. माझं नाव जिथे म्हणून कुणी मोठ्याने घेतलं, तिथे ते तिनेच घेतलं होतं. दुसऱ्या कुणी घेतलेलं मला आठवत नाही.

मी खाली प्रयोगशाळेत आले. रेखाची जागा खिडकीपाशी, तिथल्या स्टुलावर अजून कुणी बसत नाही. काकांनी ते पुसून ठेवलेलं असतं. मी जाऊन बसले. अजूनही जळते हो मी तिच्यावर, जाताना माझं नाव घेणारं तोंडही ती बरोबर घेऊन गेली म्हणून जळते. काका दारात उभे होते. "काय म्हनले म्याडम समितीवाले? पास झालं का?" मी म्हटलं, "झालं. काका, ते रेखाचं आहे सगळं." म्हणायचं नव्हतं, तोंडातून गेलं. आणि मग, तिचं नाव आयुष्यात पहिल्यांदा असं घेतल्यावर, मला इतकं रडू आलं की काका पाणी आणायला धावले.